शेवटचा भाग राखून ठेवावा का?

ताई, प्रश्न पोरकट वाटेल, तरी विचारते. नववीत असताना मैत्रिणीने एका फँटसी मालिकेचं पहिलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. तेव्हापासून आम्ही दोघींनी प्रत्येक भाग बरोबरीने वाचला. एक प्रकरण संपलं की फोन, दुसरं संपलं की पुन्हा फोन. आता मी नोकरी करते. सातवा आणि शेवटचा भाग येऊन आठ महिने झाले. आला त्याच दिवशी घेतला, २१२ पानं वाचली आणि थांबले. माझं सगळ्यात लाडकं पात्र तिथे एकटंच खिंडीकडे निघतं. त्याचं पुढे काय होणार याचा अंदाज आलाय आणि तो खरा ठरलेला मला बघायचा नाही. मैत्रिणीचं वाचून झालंय. ती एक अक्षर सांगत नाही, पण त्या नादात आमचं बोलणंच कमी झालंय. कधी वाटतं, आधी पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचावं, पण ते भागही उघडवत नाहीत. कधी वाटतं, हे एक पुस्तक असंच राहू द्यावं, म्हणजे मालिका संपणारच नाही. शेवट वाईट निघाला तर? आणि संपल्यावर मी वाचू तरी काय?
– खिंडीपाशी थांबलेली

प्रिय खिंडीपाशी थांबलेली,

तू पत्रात मालिकेचं आणि त्या पात्राचं नाव लिहिलं होतंस. दोन्ही इथे गाळली आहेत, कारण हे सदर वाचणारं कुणीतरी आत्ता तिसऱ्या भागावर असेल आणि त्याचा आनंद आपण का घालवायचा?

प्रश्न मुळीच पोरकट नाही. नववीपासून नोकरी लागेपर्यंत जी माणसं सोबत होती त्यांचा निरोप घ्यायचा आहे. ती कागदावरची आहेत म्हणून निरोप हलका होत नाही. ज्यांना आपण ओळखतो पण जे आपल्याला ओळखत नाहीत, अशांशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहिलं होतं. त्यांच्यासमोर रेडिओ-टीव्हीवरचे चेहरे होते; पुढे हाच विचार कथेतल्या पात्रांनाही लावला गेला. तेव्हा तुला जे होतंय ते फार माणसांना होतं. त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: मालिका संपू नये ही इच्छा आणि त्या एका पात्राबद्दलची धास्ती. त्या वेगळ्या केल्या की पुढचा रस्ता दिसेल. आधी पहिली घेऊ.

शेवटचं पुस्तक मुद्दाम न वाचणारे वाचक खरोखर असतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेचंच बघ. मार्च २०१५ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मालिकेतली एकेचाळिसावी कादंबरी, ‘द शेफर्ड्स क्राउन’, प्रसिद्ध झाली. अल्झायमरच्या एका प्रकाराशी झगडत त्यांनी ती लिहिली होती. आयुष्य मिळतं तर त्यांनी तिच्यावर आणखी हात फिरवला असता, हे पुस्तकाच्या शेवटच्या टिपणातच सांगितलंय. त्यांच्या काही चाहत्यांनी ठरवलं की हे एक पुस्तक वाचायचं नाही. प्रॅचेटचं न वाचलेलं एक तरी पुस्तक कायम शिल्लक राहू दे. मला हे पटतं. पण का पटतं ते नीट बघ. त्या मालिकेतली बहुतेक पुस्तकं आपापल्या जागी पूर्ण आहेत. एकेचाळिसावं न वाचल्याने चाळिसावं अर्धवट राहत नाही.

तुझ्या मालिकेचं तसं नाही. तिथे पहिल्या भागात पडलेला प्रश्न सातव्यात सुटणार आहे. सात पुस्तकं म्हणजे सात जिल्दींत बांधलेली एकच गोष्ट. शेवटचा भाग बाजूला ठेवलास की आधीचे सहाही अडकून पडतात. आणि तसंच झालंय, तू स्वतःच लिहिलंयस: आधीचे भाग उघडवत नाहीत, मैत्रिणीशी बोलणं आटलंय. म्हणजे मालिका संपू नये म्हणून तू जे केलंस त्यानेच ती तुझ्यापुरती बंद पडली आहे. सातवा भाग वाचून संपवलेली तुझी मैत्रीण आज हवं ते पुस्तक हव्या त्या पानावर उघडू शकते. तुला मात्र एकही उघडता येत नाही, कारण प्रत्येक पान त्या खिंडीकडेच जातं.

तू वाच, असं मी म्हणतेय त्याचं पहिलं कारण हे, पण आणखी एक कारण आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. फँटसी मालिकेचा शेवटचा भाग आधीचे भाग बदलून टाकतो. पहिल्या पुस्तकात कुणीतरी म्हातारी सहज बोलून गेलेली असते, एखादं गाणं असतं, नकाशाच्या कोपऱ्यात कधीच कुणी न गेलेलं गाव असतं. त्या सगळ्याचा अर्थ शेवटच्या भागात उलगडतो आणि मग पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं की ते नवंच वाटतं. जे खरोखर संपतं ते एवढंच की ‘पुढे काय?’ हा प्रश्न उरत नाही. त्याची हुरहुर लागेल, ती लागू दे. पण त्याच्या बदल्यात सहा जुनी पुस्तकं नव्याने वाचायला मिळतात. तुझ्यासारखी वाचक, जी प्रकरणागणिक फोन करायची, तिला हा आनंद मिळायलाच हवा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’चं आहे. पहिली तीन पुस्तकं १९६८, १९७१ आणि १९७२ मध्ये आली. जादूगार, बेटं, ड्रॅगन, मोठ्या मोहिमा. पुढे अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, चौथं पुस्तक आलं, ‘तेहानू’. दुसऱ्या पुस्तकात कोवळी मुलगी असलेली तेनार इथे प्रौढ वयाची विधवा आहे, शेतावर राहते आणि भाजलेल्या एका लहान मुलीला सांभाळते. जादूचं जग तेच, पण आता ते बाईच्या नजरेतून, घरातून, चुलीपासून दिसतं. हे वाचून पुन्हा पहिल्या पुस्तकाकडे गेलं की तिथल्या जादूगारांच्या शाळेत मुली का नाहीत, हा आधी मनातही न आलेला प्रश्न पानोपानी उभा राहतो. आणि गंमत म्हणजे ‘तेहानू’च्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचं शेवटचं पुस्तक’ असं उपशीर्षक होतं, तरी २००१ मध्ये ले ग्विन यांनी त्याच जगातली आणखी दोन पुस्तकं दिली. तुझी लेखिका परत येईल असं आश्वासन मी देऊ शकत नाही. पण मुखपृष्ठावर ‘शेवटचा भाग’ छापलं म्हणजे ते जग कायमचं मिटलं, असंही समजू नकोस.

आता त्या पात्राबद्दल. तुझा अंदाज बरोबर की चूक हे मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पण २१२ हे पान तू लिहिलंस ते बरं झालं, कारण पुस्तक नऊशे पानांच्या घरातलं असावं असं तुझ्या वर्णनावरून वाटतं. म्हणजे अजून तीन चतुर्थांश बाकी आहे. पुस्तकाच्या पहिल्या चौथाईत एकट्याने निघालेलं पात्र लेखिका उगाच पाठवत नाही. त्याला तिथे काहीतरी करायचं असतं. आठ महिने ते पात्र तुझ्या मनात खिंडीच्या तोंडाशी उभं आहे आणि तू रोज त्याचा तोच एक शेवट कल्पना करून बघतेयस. पुस्तकात जे आहे ते कदाचित दुःखाचं असेल, पण त्यात त्याचं बोलणं असेल, त्याचा एखादा निर्णय असेल, त्याच्यासाठी कुणाचं तरी धावणं असेल. तुझ्या कल्पनेत यातलं काहीच नाही, नुसती भीती आहे. ते पात्र जगलं नाही तरी चालेल, पण त्याला त्याचं प्रकरण मिळू दे.

या प्रकारातले चांगले लेखक निरोपाला जागा देतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, ज्या कामासाठी सगळी यातायात चाललेली असते ते काम शेवटच्या सहाव्या विभागाच्या तिसऱ्याच प्रकरणात तडीस जातं. त्यानंतर टॉल्किन आणखी सहा प्रकरणं लिहितात. त्यातल्या एकाचं तर नावच ‘मेनी पार्टिंग्ज’ आहे. माणसं एकेक करून वेगळ्या वाटांना लागतात, घरी परततात, घर बदललेलं असतं, आपणही बदललेले असतो. पहिल्या वाचनात काहींना हा भाग रेंगाळणारा वाटतो. माझ्या मते त्या पुस्तकाचं काळीज तिथेच आहे. लढाई संपली की वाचकाला लगेच दाराबाहेर काढायचं नाही, हे त्यांना कळत होतं. तुझ्या लेखिकेने आधीच्या सहा भागांत पात्रांना जसं सांभाळलंय, त्यावरून ती तुलाही घाईने निरोप देईल असं मला वाटत नाही.

पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचायचा बेत सोड. सहा जाड भाग म्हणजे कित्येक महिने आणि मनातून तुलाही ठाऊक आहे की ही पुढे ढकलायची सोय आहे. सगळं पुन्हा वाचायचंच, पण शेवटचा भाग संपल्यावर. तेव्हाच त्याची खरी चव आहे. सध्या सहाव्या भागाची शेवटची शंभरेक पानं वाच आणि सातवा पहिल्या पानापासून सुरू कर. थेट २१२ पासून पुढे वाचायला घेऊ नकोस. आठ महिन्यांत धागे सुटलेले असतात आणि ओळखीच्या दोनशे पानांमधून चालत गेलीस की खिंडीशी पोचताना पायात बळ असेल.

उजळणीसाठी इंटरनेटवर पात्रांची माहिती शोधू नकोस, हे अगदी कळकळीने सांगते. तिथे पात्राच्या नावाखाली पहिल्याच ओळीत ‘होता’ किंवा ‘होती’ असतं आणि तेवढं एक क्रियापद सगळं सांगून जातं. अनुक्रमणिकाही वाचू नकोस. शेवटच्या भागात प्रकरणांची नावं फार बोलकी असतात. मात्र एक गोष्ट आधी बघून ठेव: गोष्ट नेमक्या कुठल्या पानावर संपते. मजकूर वाचायचा नाही, फक्त पानाचा आकडा. अशा पुस्तकांच्या मागे वंशावळी, शब्दसूची, टिपा असा मोठा ऐवज असतो; टॉल्किनच्या तिसऱ्या खंडात तो शंभरावर पानं खातो. हाताला अजून बोटभर जाडी लागत असते, आपण निर्धास्त वाचत असतो आणि पान उलटलं की समोर परिशिष्ट. ई-बुकवर तर फसगत जास्तच होते, कारण तिथे टक्के दिसतात आणि शेवटच्या टक्क्यांत अनेकदा दुसऱ्याच पुस्तकाचा नमुना जोडलेला असतो. निरोपाची वेळ जवळ आलीय हे तुला कळलेलं असू दे.

रोज एकच प्रकरण, असा नेम पुष्कळ जण करतात. पहिल्या अर्ध्या भागासाठी तो ठीक आहे. पण शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तो मोड. तिथे लेखक एका ठिकाणची लढाई तोडून दुसरीकडे जातो, दुसरीकडची तोडून तिसरीकडे आणि हा ताण सलग वाचला तरच चढत जातो. रोज एक तुकडा खाल्लास तर लेखिकेने वर्षानुवर्षं रचलेली चढण तुझ्यासाठी सपाट होईल. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसेल असा दिवस निवड, फोन बंद कर आणि बस. रडू आलं तर पुस्तक बाजूला ठेवून रड, पण थांबू नकोस. उपसंहार असेल तर तो मात्र त्याच रात्री वाचू नये असं माझं मत आहे. मध्ये एक झोप जाऊ दे. काही वर्षांनंतरचं चित्र दाखवणारं प्रकरण शेवटच्या धक्क्यावर लगेच वाचलं की उगीच गोड-गोड वाटतं. सकाळी तेच समजुतीने वाचता येतं.

शेवट वाईट निघाला तर? निघू शकतो. एवढ्या लांब मालिकेचे सगळे धागे एका पुस्तकात बांधणं फार अवघड काम आहे. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ १९९० मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये ते गेले तेव्हा शेवटचा भाग व्हायचा होता. त्यांची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि जॉर्डन यांच्या टिपणांवरून त्याने काम पुढे नेलं. एक पुस्तक ठरलं होतं, त्याची तीन झाली: २००९, २०१० आणि २०१३. जॉर्डन यांनी शेवटचा प्रसंग मरणाआधीच लिहून ठेवला होता आणि तो पुस्तकात आहे. आपल्या जवळच्या भाषेत, हिंदीत, देवकीनंदन खत्री यांची ‘भूतनाथ’ १९१३ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरी राहिली, ती मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. दुसऱ्याच्या हातची शैली काही वाचकांना खटकते, खटकणारच. तरी गोष्ट पूर्ण झाली याचं समाधान ते वाचक आजही बोलून दाखवतात. तुझ्या लेखिकेने स्वतःची गोष्ट स्वतःच्या हाताने संपवलीय. हे भाग्य प्रत्येक मालिकेच्या वाट्याला येत नाही.

वाचून झाल्यावर राग आला तर लगेच निकाल देऊ नकोस. आठवडाभराने स्वतःला विचार: लेखिकेने तिचेच नियम मोडले का? सहा भागांत नसलेली ताकद ऐन वेळी कुठून तरी आली का? शहाणं पात्र केवळ कथेच्या सोयीसाठी मूर्खासारखं वागलं का? उत्तर हो असेल तर शेवट खरंच फसलाय आणि तसं ठामपणे म्हणायचा तुला हक्क आहे. पण यातलं काहीच नसेल आणि फक्त तुझं लाडकं माणूस तुला हवं तिथे पोचलं नसेल, तर तो शेवट वाईट नाही, तो दुखरा आहे. या दोहोंत गल्लत झाली की चांगली पुस्तकं मनातून उतरतात.

थांबायची मुभा लेखकानेच दिल्याचंही एक उदाहरण आहे. स्टीफन किंग यांनी ‘द डार्क टॉवर’च्या सातव्या पुस्तकात (२००४) अगदी शेवटच्या प्रकरणाआधी वाचकाशी थेट बोलून सुचवलंय की इथेच थांबलात तर बरं. आणि मग पुढचं लिहिलंयच. पण ही मुभा त्यांनी वाचकाला मुक्कामाच्या दारापर्यंत नेऊन मग दिली. तुला थांबायचंच असेल तर तिथे थांब, शेवटच्या दहा पानांवर. २१२ वर नको.

मैत्रिणीला आजच फोन कर. ती गप्प आहे ती तुझ्यासाठी आणि आठ महिने एकटीने तो शेवट मनात घेऊन बसणं तिलाही जड गेलं असणार. जिच्यासोबत सहा भाग वाचले तिच्याशीच सातव्याबद्दल बोलता येऊ नये, हे तिच्या बाजूने बघ. तिला सांग की मी पहिल्या पानापासून सुरू करतेय, तू माझ्याबरोबर दुसऱ्यांदा वाच. प्रकरण संपलं की फोन, जुन्यासारखाच. ती शेवट जाणून वाचेल, तू न जाणता आणि तुमचं बोलणं पहिल्यापेक्षा रंगेल. त्या पात्राचं काय होतं हे मात्र तिला विचारू नकोस. अगदीच राहवलं नाही तर एवढंच विचार: ‘त्याच्याशी लेखिका न्यायाने वागली का?’ या प्रश्नाला ती खरं उत्तर देऊ शकेल आणि तरी काही फुटणार नाही.

शेवट आधी कळला तरी वाचनाची गोडी कमी होत नाही, असं सांगणारा एक अभ्यास आहे. २०११ मध्ये जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी तो प्रसिद्ध केला. शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना उलट जास्त आवडल्या असं त्यात दिसलं. पण त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत संपणाऱ्या. शाळेपासून जपलेल्या उत्कंठेला तो हिशोब लावावा असं मला वाटत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. लगेच दुसरी मोठी मालिका हातात घेऊ नकोस. तिची पात्रं बिचारी तुझ्या जुन्या माणसांशी तुलना होऊन नापास होतील. काही आठवडे वेगळंच काही वाच: प्रवासवर्णन, चरित्र, कथासंग्रह, एकाच भागात संपणारी कादंबरी. मग आधी तुझ्याच मालिकेचा पहिला भाग पुन्हा वाच, पेन्सिल घेऊन, आणि जिथे जिथे शेवटाची चाहूल लागते तिथे खूण कर. त्यानंतर नवी मालिका शोध. पूर्ण झालेलीच हवी असा हट्ट धरू नकोस. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि वाचक अजून सहाव्याची वाट बघताहेत, हे खरं. तरी त्या पाच पुस्तकांतली माणसं कुणी टाकून दिलेली नाहीत. निवडताना एवढंच बघ की पहिल्या पन्नास पानांत एखाद्या तरी पात्रासाठी जीव वरखाली होतोय का. होत असेल तर घे आणि एक प्रत मैत्रिणीलाही पाठव.

– तुझी ताई